मंडळीत कार्यक्रम भरपूर आहेत, पण आध्यात्मिक फळाकडे लक्ष कसे लावावे?

प्रश्न : मंडळीचा पंच, रत्नागिरी जिल्हा

ख्रिस्तामध्ये सर्वांना सप्रेम सलाम.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, किनाऱ्यावरच्या एका लहान गावातली आहे. अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झालेली असून ती नाताळात आणि मे महिन्यात गावी येतात. वर्षभर उपासनेला येणारी घरे मोजकीच आहेत. तरीही आमचा वार्षिक कार्यक्रम मोठ्या शहरातल्या मंडळीला साजेल इतका भरगच्च असतो. उपवासकाळातल्या सभा, शुभ शुक्रवारची दीर्घ उपासना, उन्हाळ्याच्या सुट्टीतली मुलांची शास्त्रशाळा, तरुण संघाचे शिबिर, महिला मंडळाचा वर्धापनदिन, कापणीचा सण आणि त्यातला लिलाव, गीतस्पर्धा, कॅरोल फेरी, नाताळचे स्नेहभोजन, असे एकामागून एक सुरू असते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभेचा बहुतेक वेळ मंडप, माइक, जेवण आणि वर्गणी यांतच जातो. बुधवारच्या प्रार्थनासभेला मात्र काही वृद्ध मंडळी आणि पाळकसाहेब यांच्याशिवाय क्वचितच कोणी दिसते.

मला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी अशा आहेत. जमिनीच्या हद्दीवरून दोन कुटुंबे कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोन्ही घरची माणसे एकाच रांगेत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी) घेतात. आमचे तरुण उत्साहाने आणि सुरेल गातात, तथापि त्यांच्यापैकी किती जणांनी बायबलमधले एखादे शुभवर्तमान (येशूचे चरित्र) आरंभापासून शेवटपर्यंत वाचले असेल, याविषयी मला शंका आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे सणाशिवाय कोणी जात नाही. आणि वार्षिक अहवालात आम्ही उपस्थिती, बाप्तिस्मे व दानार्पण यांचे आकडे देऊन वर्ष ‘फलद्रूप’ झाल्याचे लिहितो.

पंचांमध्ये यावर दोन मते आहेत. काहींना निम्मे कार्यक्रम बंद करून प्रार्थना व वचन यांकडे वळावेसे वाटते. इतरांचे म्हणणे असे की कार्यक्रम थांबले तर उरलेसुरले तरुणही दूर जातील. आध्यात्मिक फळ नेमके कशावरून ओळखावे, आणि आमच्यासारख्या लहान मंडळीने आपले लक्ष कशावर केंद्रित करावे, याविषयी अनुभवी बंधुभगिनींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1 : निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच पत्रात आहे असे मला वाटते, म्हणून त्यातल्या एकाच गोष्टीवर थांबते. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन यांचा उल्लेख केला आहे, हे आपण संडे स्कूलमध्ये पाठ करतो. त्याच्या लगेच आधी देहाच्या कर्मांची जी यादी येते, ती मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. त्या यादीत वैर, कलह, मत्सर, राग, तट आणि फुटी यांना किती जागा दिली आहे ते पाहावे. गलतीयातल्या मंडळ्यांत सिद्धांताचा वाद पेटलेला होता आणि माणसे एकमेकांना चावत व खात होती, असे पौल त्याच अध्यायात म्हणतो. अशा भांडणाऱ्या मंडळीला तो फळाविषयी लिहीत आहे. त्यामुळे फळ ओळखण्याची पहिली जागा म्हणजे माणसामाणसांतले संबंध. एकट्याने खोलीत बसून सहनशील होता येत नाही. सहनशीलतेसाठी ज्याचे सहन करावे असे कोणीतरी समोर लागते.

या दृष्टीने पाहिले तर आपल्या मंडळीपुढचे पहिले काम त्या दोन कुटुंबांचे आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला क्रम अगदी स्पष्ट आहे: दान वेदीजवळ ठेवावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. करिंथ येथील मंडळीतल्या फुटीमुळे तिथले प्रभुभोजन कसे बिघडले होते, हे पौलाच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. हद्दीचा कायदेशीर निकाल तलाठी कार्यालयात आणि न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. मंडळीने तो लावण्याच्या फंदात पडू नये. पण दोन्ही घरांत आदर असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पाळकसाहेबांसह दोन्हीकडे जाऊन, खटला चालू असतानाही एकमेकांना सलाम करणे शक्य आहे का, एवढे विचारायला काय हरकत आहे? यासाठी मंडप लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. कदाचित म्हणूनच ही बाब पंचांच्या सभेच्या विषयपत्रिकेवर कधी आली नसावी.

आकड्यांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी सुमारे 3000 माणसांची भर पडल्याची नोंद आहे, म्हणजे मोजणे गैर नाही. परंतु त्याच अध्यायात पुढे ती माणसे प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांत टिकून राहिली असे लिहिले आहे, आणि गरजेप्रमाणे एकमेकांना वाटून देत होती असेही. अहवालात ही दुसरी बाजूही यावी. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालवलेल्या रुग्णालयाची आठवण गावातले सर्व धर्मांचे लोक आजही काढतात, आणि त्या आठवणीत तिथल्या डॉक्टरांची व परिचारिकांची माणुसकी असते. रुग्णांचे आकडे कोणाला ठाऊक नसतात.

उत्तर 2 : आंबा बागायतदार, देवगड

मी मंडळीत कोणत्याही पदावर नाही, परंतु आपले पत्र वाचून बागेतली एक गोष्ट सांगावीशी वाटली. हापूसच्या कलमाला मोहोर येतो, कणी धरते, वाटाण्याएवढी फळे दिसू लागतात, आणि अशा वेळी थंडी लांबली की त्याच झाडाला पुन्हा मोहोर फुटतो. आम्ही याला पुनर्मोहोर म्हणतो. रस्त्याने जाणाऱ्याला झाड पुन्हा फुललेले पाहून आनंद होतो. बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधी धरलेली लहान फळे गळून पडतात. नव्या मोहोरातून तितके फळ हाती येईलच असे नसते आणि जे येते ते उशिरा, पावसाच्या तोंडावर येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुनर्मोहोर टाळण्यासाठी फवारणीची शिफारस केलेली आहे, यावरून हा प्रश्न किती गंभीर आहे ते लक्षात यावे.

मंडळीत हेच घडताना मी पाहिले आहे. उपवासकाळात काही माणसे खरोखर प्रार्थनेकडे वळतात, एखादा तरुण नियमाने पवित्र शास्त्र वाचू लागतो, पण ते मूळ धरण्याआधीच सगळ्यांची शक्ती पुढच्या कार्यक्रमाकडे जाते. त्या तरुणाच्या हाती वर्गणीचे पावतीपुस्तक येते आणि त्याच्या वाचनाची चौकशी करणारे कोणी उरत नाही. म्हणून माझी सूचना अशी की बंद काय करावे यावर वाद घालण्याऐवजी, निदान एका वर्षापुरते नवीन काही सुरू करू नये, आणि जे धरले आहे ते टिकते की गळते याकडे पाहावे.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी असून फळ देणाऱ्या फाट्याचीही तो छाटणी करतो, हे विसरता कामा नये. वाळलेले काढून टाकणे सोपे आहे. जे जिवंत आहे आणि थोडेबहुत फळही देते, त्याला कात्री लावताना माळ्यावर भरवसा असावा लागतो.

उत्तर 3 : गुहागरची, सध्या नोकरीसाठी पनवेलला

वडीलधाऱ्यांचा मान राखून एक बाजू मांडते. ‘कार्यक्रम थांबले तर तरुण जातील’ आणि ‘कार्यक्रमांमुळे तरुण उथळ राहतात’ ही दोन्ही विधाने आमच्याविषयी आहेत, पण आम्हाला विचारून केलेली नाहीत. आम्हाला मंडळीने गायला सांगितले म्हणून आम्ही गायलो, खुर्च्या लावायला सांगितले म्हणून लावल्या. आमच्या विश्वासाविषयी, आमच्या शंकांविषयी, परगावी एकटे राहताना प्रार्थना करता येते का याविषयी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. विचारले असते तर सांगण्यासारखे पुष्कळ होते.

शिवाय गाणे ही लहान गोष्ट नाही. ज्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपण उपासनेत गातो, ते आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. जन्म 1861 चा. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंगाचा आणि कीर्तनाचा बाज आणला. त्यांच्या ओळी गाताना त्यांचा अर्थ कोणी पाच मिनिटे समजावून सांगितला, तर तीच गीतस्पर्धा वचनाच्या अभ्यासाची जागा होऊ शकेल. कॅरोल फेरी वर्षातून एकदा ज्या अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या घरी जाते, त्याच घरी त्याच तरुणांनी महिन्यातून एकदा जावे, एक गीत म्हणावे, एक उतारा वाचावा आणि त्यांच्याकडून त्यांच्या विश्वासाची हकिकत ऐकावी. माझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात अशी दोन मुले येत असत. त्यांतला एक पुढे संडे स्कूलचा शिक्षक झाला, आणि मला वाटते त्याचे खरे शिक्षण आजीच्या खाटेजवळ झाले.

तेव्हा कार्यक्रम ठेवावेत की नाही हे ठरवण्याआधी, त्या कार्यक्रमातून माणूस माणसापर्यंत आणि ख्रिस्तापर्यंत पोहोचतो का, हे पाहावे, एवढीच विनंती.

उत्तर 4 : पाळक, रायगड जिल्हा

वरील तिन्ही उत्तरे मनापासून पटली. पंच म्हणून आपल्यापुढे असलेल्या निर्णयाविषयी मी थोडे सविस्तर लिहितो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आपल्यासारखाच पेच आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती आणि कुरकुर सुरू झाली होती. प्रेषितांनी वाटणी बंद केली नाही आणि सगळे आपल्याच अंगावरही घेतले नाही. आपण प्रार्थना व वचनाची सेवा यांतच तत्पर राहू असे सांगून त्यांनी त्या कामासाठी सात जण निवडायला लावले. मला नेहमी थांबायला लावते ती त्या सात जणांची पात्रता. पंगतीच्या व्यवस्थेसाठीही आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशीच माणसे हवी होती. त्यांतला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला आणि फिलिप्पाने शोमरोन प्रांतात सुवार्ता नेली. म्हणजे भोजनाची व्यवस्था हे हलके काम आणि प्रार्थना हे पवित्र काम, अशी विभागणी तिथे नाही. कामे योग्य हातांत दिली गेली आणि ज्यांच्याकडे वचनाची जबाबदारी होती ते मोकळे झाले. त्याचा परिणाम म्हणून देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे त्याच उताऱ्यात लिहिले आहे. आपल्या पंचांच्या सभेतही मंडप-भोजनाचे विषय दोघातिघांच्या समितीकडे पूर्ण अधिकारासह सोपवावेत आणि सभेचा पहिला भाग मंडळीतल्या माणसांसाठी राखावा. कोण आजारी आहे, कोण दुरावले आहे, कोणाच्या घरी कोण जाणार, एवढे ठरले तरी सभेचे स्वरूप बदलेल.

येशू घरी आला असता मार्था कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया त्याचे वचन ऐकत बसली, या कथेचा आधार घेऊन कष्टाळू माणसांना बोल लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला योग्य वाटत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्थेची चिंता आणि दगदग यांविषयी प्रभू बोलला. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीच्या भोजनात मार्था पुन्हा वाढतच आहे आणि तिथे तिला कोणी काही म्हणत नाही. आपल्या मंडळीतल्या स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना या चर्चेत दोषी ठरवले जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उलट त्यांना विचारावे की उपासना चालू असताना त्यांना आत बसता येते का. बहुतेक ठिकाणी त्या चुलीजवळच असतात.

बुधवारच्या सभेला माणसे येत नाहीत यावर एक उपाय सुचवतो. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा जणांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची असे ठरले. गटप्रमुख पैशांसाठी घरोघरी जाऊ लागले तेव्हा त्यांना लोकांच्या घरातली खरी स्थिती कळू लागली: कुठे दारू, कुठे भांडण, कुठे निराशा. वर्गणी गोळा करण्याची ही व्यवस्था पुढे एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणारे साप्ताहिक वर्ग बनली आणि मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरली. आपल्याकडे वर्गणीसाठी घरोघरी जाण्याची सवय आहेच. पावतीपुस्तक घेऊन जाणाऱ्याने दहा मिनिटे बसून घरच्यांची विचारपूस करावी आणि प्रार्थना करून उठावे. प्रार्थनासभा चर्चमध्ये भरवण्याऐवजी आळीपाळीने अशा घरांत भरवली, तर वृद्धांनाही ती गाठता येईल.

आता फळाविषयी. पनवेलच्या भगिनीने टिळकांचा उल्लेख केला म्हणून सांगतो. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सावित्री नदीच्या मुखावरच्या बाणकोटला आले, पुढे हर्णैलाही त्यांनी काम केले, शाळा काढल्या. बाप्तिस्मे फार थोडे झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या कामाचे केंद्र पुण्याकडे सरकले. आजच्या वार्षिक अहवालाच्या नमुन्यात ते काम अपयशी दिसले असते. त्याच किनारपट्टीच्या जिल्ह्यात पुढे जन्मलेल्या टिळकांना नवा करार मिळाला तो कोकणात नव्हे, तर राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाकडून, आणि त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. त्या सहप्रवाशाला आपल्या हातून काय पेरले गेले, याची कल्पनाही नसावी. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, असे प्रभूने योहानाच्या चौथ्या अध्यायात म्हटलेच आहे. आपल्या गावातून मुंबईला गेलेली कुटुंबे तिथल्या मंडळ्यांत सेवा करत असतील, तर ते फळ आपल्या नोंदवहीत दिसणार नाही, तरी ते आपल्याच मंडळीच्या वाट्याचे आहे.

उत्तर 5 : कॅथलिक धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एक भगिनी, सावंतवाडी

आमची परंपरा वेगळी असली तरी प्रश्न ओळखीचा आहे. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी शिकवलेली दैनंदिन विवेकपरीक्षा आमच्या लहान समूहात आम्ही करतो. दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, प्रकाशासाठी प्रार्थना करायची, दिवस पुन्हा नजरेखालून घालायचा, चुकीची क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची. यात मोठे ज्ञान लागत नाही आणि झोपण्यापूर्वीची काही मिनिटे पुरतात. एखाद्या सणानंतर तुमच्या पंचांनी याच पद्धतीने एकत्र बसून त्या सणाकडे पाहावे, असे सुचवते. जमाखर्चाची बैठक आपण घेतोच. त्या दिवसांत आपण एकमेकांशी कसे वागलो आणि देवाची आठवण कुठे राहिली, कुठे सुटली, याचीही बैठक असावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचांच्या पुढच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. वर्षभर नवीन कार्यक्रम सुरू करू नये, सभेचा पहिला अर्धा तास माणसांच्या विचारपुशीसाठी असावा, आणि बुधवारची प्रार्थना घरोघरी व्हावी, तीही पहिल्यांदा अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी. तरुण संघाला याविषयी आधी विचारीन. त्या दोन कुटुंबांविषयी पाळकसाहेबांशी आजच बोललो; महिला मंडळाच्या ज्येष्ठ भगिनींना दोन्ही घरांत मान आहे, त्यांना बरोबर घ्यावे असे पाळकसाहेबांचेही मत पडले.

एक शंका राहते. कापणीच्या सणाच्या लिलावातून मंडळीचा बराच खर्च निघतो, परंतु त्यात ऐपत असलेल्यांची चढाओढ होते आणि गरीब घरातून आलेला भोपळा किंवा तांदळाची पिशवी मागे पडते. लिलाव बंद करणे शक्य नाही. काय करावे?

पाळक, रायगड जिल्हा

लिलाव ठेवावा, पण अर्पणाच्या प्रार्थनेआधी तो सुरू होऊ नये. उपासनेत प्रत्येक घराने आपले पीक स्वतः वेदीपर्यंत आणावे, आणि कोणी काय आणले याचा उच्चार न करता सर्वांसाठी एकच प्रार्थना व्हावी. त्यातला काही भाग लिलावाला न लावता आधीच बाजूला काढून गावातल्या गरजू घरांना, ती ख्रिस्ती असोत वा नसोत, त्याच संध्याकाळी पोहोचवावा. लेवीय 19 मध्ये शेताचे कोपरे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडण्याची जी आज्ञा आहे, तिचा तेवढा तरी मान राहील. आमच्याकडे हा बदल केला तेव्हा पहिल्या वर्षी उत्पन्न थोडे घटले आणि कोषाध्यक्षांनी नाराजी नोंदवली. पुढे ते वाटप त्यांनीच स्वतःकडे मागून घेतले. आपल्या कोषाध्यक्षांनाही आधीपासून बरोबर घ्यावे; सण झाल्यावर त्यांना सांगितले तर ते अवघड जाईल.